नक्षी आणि पकड

परवा मोटारीचे चारही टायर बदलले. साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडावे असे या घटनेत काय आहे, हा प्रश्न मलाही पडला होता. पण 2025 च्या जुलैपासून हा विषय मनातून जात नाही, आणि लिहून काढल्याखेरीज तो जाईल असे दिसत नाही.

मोटार वेंटो आहे, टर्बो इंजिनाची, 2017 साली घेतलेली. मराठीच्या प्राध्यापकाला एवढ्या वेगवान गाडीची गरज काय, असे त्या वेळी विभागातल्या सहकाऱ्यांनी विचारले होते आणि मला उत्तर देता आले नव्हते. घर ते महाविद्यालय, शनिवारी रंकाळा, वर्षातून दोनदा पुणे, एखादी कोकणवारी. आठ वर्षांत चौतीस हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. टायरवरची नक्षी चांगली खोल होती. त्यामुळे टायरचा विचार करण्याचे कारणच नव्हते.

जुलैत कन्या पुण्याहून आली होती. पाऊस पाहायला म्हणून आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. भातरोपणीचे दिवस. चिखलणी करून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी डांबरावर लाल चिखलाचे पट्टे ओढलेले होते आणि वरून संततधार. कळ्याच्या पुढे एका वळणानंतर डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. वेग फार नव्हता. मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेकची थरथर सुरू झाली, पण गाडी पुढे जातच राहिली. ती थांबली तेव्हा बाई आणि बॉनेट यांच्यामध्ये हातभर अंतर होते. भाऱ्याआडून तिला काही दिसले नसावे. ती शांतपणे पलीकडच्या बांधावर उतरून निघून गेली. कन्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, आईला सांगू नका.” मी सांगितले नाही. इथेच पहिल्यांदा सांगतो आहे.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो. दुकानातल्या जाणत्या कारागिराने टायरच्या खाचेत अंगठ्याचे नख रोवून पाहिले, कडेला हात फिरवला आणि म्हणाला, “नक्षी हाय सर अजून, पण रबर मेलंय.” खाचांच्या मुळाशी बारीक तडे गेले होते. कडेवर कोरलेले चार आकडे त्याने दाखवले : 2217. म्हणजे 2017 सालचा बाविसावा आठवडा. प्रत्येक टायरवर त्याची जन्मतारीख अशी कोरलेली असते. आठ वर्षे मी तिच्याशेजारून जात होतो आणि वाचनावर पोट भरत होतो.

झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला आपल्याकडे ‘गोटा झाला’ म्हणतात. तो कोणालाही ओळखू येतो. खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण न झिजता संपलेला टायर ओळखायचा कसा? कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. 1839 साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने त्याचे रेणू एकमेकांशी बांधता आले आणि त्यातून टिकाऊ, लवचीक रबर मिळाले. ही बांधणी कारखान्यातून बाहेर पडल्यावरही पुरती थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांमुळे वर्षानुवर्षे रबर अधिकाधिक घट्ट होत जाते. ज्या बंधनाने त्याला बळ दिले, तेच वाढत जाऊन त्याला निबर करते. म्हणूनच नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर टायर वापरू नये, असे अनेक उत्पादक सांगतात. पाच वर्षांनंतर तो दरसाल तपासून घ्यावा, असेही सांगतात.

निवड करताना मला तीन पर्याय दाखवण्यात आले. मूळ माप 185/60 आर 15, म्हणजे 185 मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या साठ टक्के उंचीची कड आणि पंधरा इंची रिम. पहिला पर्याय याच मापाचा, कठीण रबराचा, ‘गाडी जाईल पण टायर जाणार नाही’ अशा ख्यातीचा. दुसरा 205 रुंदीचा. त्याने गाडी ऐटदार दिसते, पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. तिसरा मूळ मापाचाच, मऊ रबराचा, ओल्या रस्त्यावर धरून ठेवणारा, लवकर झिजणारा आणि महाग. रस्ता पकडायचा तर रबराला डांबराच्या बारीकसारीक खडबडीत शिरावे लागते, आणि तिथे शिरले की थोडे तिथेच ठेवून यावे लागते. युरोपात 2012 पासून नव्या टायरसोबत ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी छापलेली चिठ्ठी येते. आपल्याकडे केंद्र सरकारने 2022 साली इंधनाची बचत, आवाज आणि ओली पकड यांचे निकष अधिसूचित केले. दुकानात मात्र गिऱ्हाईक विचारते ते एकच : किती किलोमीटर चालेल?

मीही तेच विचारणार होतो. कन्येने हिशेब मांडला. वर्षाला चार हजार किलोमीटर. मऊ टायर चाळीस हजार चालला तरी दहा वर्षे झाली. त्याआधीच तो वयाने बाद होईल. मग ऐंशी हजारांचे आश्वासन कोणासाठी विकत घ्यायचे? जो थोडे चालतो, त्याने टिकाऊपणाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याने पकड घ्यावी. आम्ही तिसरा पर्याय घेतला. स्वस्तात मिळणारा एक संच पावणेतीन वर्षांपूर्वीचा निघाला, तो परत ठेवायला लावला. कडेवरचे आकडे वाचायला आता मी शिकलो होतो.

चंदनासारखे झिजावे, असे ऐकत आपण वाढलो. त्यामुळे झिजण्याची भीती आणि झिजल्याचा अभिमान, दोन्ही आपल्या अंगी मुरलेले असतात. न झिजता, नुसते उभ्या उभ्या निबर होण्याची भीती मात्र कोणी घातली नव्हती. माझ्या कपाटात संतकाव्यावरची टिपणांची वही आहे, 1996 सालची. तिची बांधणी शाबूत आहे, अक्षर सुवाच्य आहे, मुद्दे क्रमवार आहेत. दरवर्षी तीच वही वर्गात जाते. गेली काही वर्षे तास चालू असताना मुलांचे चेहरे एका संथ गतीने माझ्यापासून दूर सरकत आहेत, हे मला दिसते. मी आवाज वाढवतो, फळ्यावर अधोरेखित करतो, म्हणजे ब्रेक अधिक जोरात दाबतो. दोष मी मुलांच्या भ्रमणध्वनीला देत होतो, जसा त्या दिवशी आधी चिखलाला दिला होता. नख रोवून पाहण्याचे धाडस मी केलेले नव्हते.

जुन्या टायरांचे काय करता, असे निघताना विचारले. कारागीर म्हणाला, एखादा न्यायला कोणीतरी येतोच. पावसाळ्यात पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून छपरावर ठेवतात. तिथे तो उत्तम काम देतो, कारण वजन शिल्लक असते.

वही अजून कपाटातच आहे. या सत्रात तिच्याशिवाय वर्गात जायचे ठरवले आहे.