समासातली मतं

काही पुस्तकं वाचून संपत नाहीत. स्वयंपाकाचं पुस्तक, मूल वाढवण्याविषयीचं पुस्तक, शिकवण्याविषयीचं पुस्तक आणि देवघरातली पोथी ही त्यांतली. कादंबरी आवडली की नाही हे शेवटचं पान मिटताच सांगता येतं. या पुस्तकांबद्दलचं मत मात्र घरातच तयार होतं, आणि त्याला कधी कधी वर्षं लागतात. त्यामुळे अशा पुस्तकांवर समीक्षकाने काय लिहिलं आहे यापेक्षा, ती ज्यांनी घरात वापरली त्यांना काय वाटलं हे मला जास्त मोलाचं वाटतं. दुर्दैवाने हे मत फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं सापडतं. सापडतं ते बहुधा समासात, पेन्सिलीने, घाईघाईत.

आईकडची ‘रुचिरा’ मी अशीच वाचते. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि महाराष्ट्रात त्या काळी लग्न होऊन गेलेल्या कितीतरी मुलींबरोबर सासरी गेलं. त्याचं मोठं बळ मापात होतं. किलो-ग्रॅम सक्तीचे होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती, बायकांच्या डोक्यात अजून पावशेर-अच्छेर होते, आणि कमलाबाईंनी सरळ वाटी आणि चमचा हातात दिला. वाटी प्रत्येक घरात होती. एकटीने, दूरच्या गावी, शेजारी विचारायला कुणी नसताना संसार मांडणाऱ्या मुलीला त्या वाटीचा केवढा आधार वाटला असेल!

पण वाटी प्रत्येक घरात वेगळी असते, आणि वाचकाचं काम तिथून सुरू होतं. आईच्या प्रतीत चकलीच्या पानावर लिहिलंय, ‘मोहन जास्त झालं, तेलात विरघळली.’ त्याखाली वेगळ्या शाईत, ‘आपली वाटी मोठी आहे, पाऊणच घ्यावी.’ अनारशांच्या कृतीशेजारी, ‘पहिला घाणा हसला.’ आणखी एका भाजीपुढे फक्त, ‘ह्यांना आवडली. सासूबाईंना नाही.’ कुठे तारीख आहे, कुठे किती माणसं जेवायला होती ते आहे, एका पानावर ‘धाकट्याच्या मुंजीत केली’ एवढंच आहे. यातलं एकही वाक्य पुस्तक चांगलं की वाईट हे सांगत नाही. पण ही प्रत कुणा अनोळखी बाईच्या हातात दिली तर तिला या पुस्तकाविषयी जितकं कळेल तितकं कुठल्याही परीक्षणातून कळणार नाही. कुठल्या घरात, किती माणसांत, कुठल्या वाटीने करून पाहिलं आणि काय झालं, हे सगळं तिथे आहे.

मताला घर असावं लागतं, असं मला त्या समासांनी शिकवलं. ‘फार उपयुक्त पुस्तक’, ‘प्रत्येक पालकाने वाचावं असं’ ही मतं बेघर असतात. कोण बोलतंय, त्याच्या घरात मूल किती वर्षांचं, दिवसभर घरी कोण असतं, आजी आहे की पाळणाघर, याचा पत्ता नसतो. मग त्या शिफारशीचं करायचं काय?

मूल वाढवण्याच्या पुस्तकांबाबत तर हे फारच खरं आहे. मराठी घरात या विषयावरचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी ‘श्यामची आई’ असंच उत्तर देईन. ते संगोपनाचं पुस्तक म्हणून लिहिलं गेलं नव्हतं. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ साली ते छापून आलं. गुरुजी तेव्हा तेहेतीस वर्षांचे, अविवाहित. ज्या आईविषयी ते लिहीत होते ती यशोदाबाई १९१७ सालीच गेली होती. म्हणजे आईपणाचं हे एवढं मोठं पुस्तक एका मुलाने लिहिलं आहे, आईने नाही. वाढवणारीला स्वतःला काय वाटत होतं, रात्री दिवा मालवल्यावर ती काय म्हणत होती, ते त्यात असूच शकत नाही. ती रिकामी जागा गेली नव्वद वर्षं वाचक भरत आले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते मनातल्या मनात केलं आहे.

आमच्या कॉलनीत काही बायका महिन्यातून एकदा जमून एखाद्या पुस्तकावर बोलतात. ‘श्यामची आई’वर बोलणं निघालं तेव्हा पोहण्याच्या प्रकरणावर सगळ्या अडल्या. भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारत बाहेर काढते आणि पोहायला पाठवते, नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. एक तरुण आई म्हणाली, मी मुलीला हे पुस्तक वाचून दाखवते, पण हे प्रकरण गाळते. मारण्यामागे प्रेम असतं हे तिने शिकू नये असं मला वाटतं. तिचं म्हणणं मला पटलं. त्यावर कोकणात माहेर असलेल्या एक काकू म्हणाल्या, आमच्याकडे पावसाळ्यात ओढे कसे येतात ते तू पाहिलेलं नाहीस. ज्या गावात दर दोन-चार वर्षांनी एखादं पोर बुडतं तिथल्या आईची भीती त्या शिंपटीत आहे. तेही खरंच होतं. मग एवढा वेळ गप्प असलेली एक बाई बोलली. ‘मलाही असंच मारलं होतं. पण संध्याकाळी वळ बघायला कुणी आलं नाही. मी हे प्रकरण वाचते ते त्या वळ बघण्यासाठी.’

त्यानंतर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. तीन बायकांनी एकाच पानाविषयी तीन मतं दिली आणि प्रत्येकीचं मत तिच्या घरातून आलं होतं. बरोबर कुणाचं हे ठरवायची गरजही कुणाला वाटली नाही. माझं स्वतःचं मत असं की ते प्रकरण गाळू नये. मोठ्याने वाचावं आणि तिथे थांबून मुलाला विचारावं, तुला काय वाटतं, आईने मारायला हवं होतं का? मुलं याचं उत्तर फार विचारपूर्वक देतात. मुलांचं मत हे या पुस्तकांवरचं सर्वांत दुर्लक्षित मत आहे. ती वाढवली जातात, शिकवली जातात, त्यांच्यावर पुस्तकं लिहिली जातात, आणि विचारलं कुणीच नाही.

त्याच पुस्तकात अळणी भाजीचं प्रकरण आहे. भाजीत मीठ पडलेलं नाही, वडील आणि मुलं एक शब्द न काढता जेवून उठतात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. लहानपणी ही मला चांगुलपणाची गोष्ट वाटे. स्वतः स्वयंपाक करू लागल्यावर मी ती वाचली तेव्हा मला त्या आईचं संकोचणं दिसलं. कुणीतरी आधी सांगितलं असतं तर चिमूटभर मीठ वरून वाढता आलं असतं, असंही वाटून गेलं. दोन्ही मतं माझीच आहेत. पहिलं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही, ते त्या वयाचं होतं. वाचकाचं मत बदलतं तेव्हा पुस्तक खोटं ठरत नाही, घर पुढे गेलेलं असतं.

शिक्षणावरच्या पुस्तकांविषयीचं मत खरं तर वर्गातूनच यायला हवं. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला शिकवायचं कसं या काळजीतून ते माँटेसरीच्या विचारांपर्यंत पोचले आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. पुढे ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून महाराष्ट्रात आल्या, १९४५ मध्ये बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’, एका मास्तरच्या वर्गातल्या प्रयोगांची गोष्ट, मराठी शिक्षक अजून वाचतात. डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांना मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं: ‘पहिल्या दिवशी त्या मास्तरचा शांततेचा खेळ फसतो आणि पोरं गोंधळ घालतात, तिथेच मला पुस्तकावर विश्वास बसला. गोष्टीपासून सुरुवात करायची हे मी केलं, आणि जमलं. पण त्याच्याकडे एक वर्ग होता. माझ्याकडे तीन वर्ग एका खोलीत बसतात. तिसरीला गोष्ट सांगताना पहिलीचं काय करायचं हे त्याने सांगितलेलं नाही. ते मी शोधलं. पहिलीलाच गोष्टीतले आवाज काढायला लावले.’

पुस्तकावरचं मत म्हणजे काय, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा मिळालेला नाही. काय घेतलं, काय जमलं, कुठे पुस्तक संपलं आणि त्यापुढे स्वतः काय केलं, एवढं सगळं त्यात आलं.

‘तोत्तोचान’चं मराठीत झालेलं स्वागत मला थोडं वेगळं दिसतं. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानीत १९८१ साली आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून ते आपल्याकडे घरोघर पोचलं. आगगाडीच्या डब्यांतली शाळा सगळ्यांना आवडते. पण डबे कुणालाच आणता येत नाहीत, आणि म्हणून पालक ते पुस्तक एक सुंदर, लांबची गोष्ट म्हणून ठेवून देतात. त्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी सर पहिल्याच दिवशी एका छोट्या मुलीचं बोलणं तासन् तास ऐकत बसले, याला डबे लागत नाहीत. हे घरी करता येतं. ज्या वाचकाने हे करून पाहिलं असेल त्याचं मत मला ऐकायचं आहे.

श्रद्धेच्या पुस्तकांवर मत द्यावं का, हा प्रश्न अनेकांना अडचणीचा वाटतो. आमच्या आजोबांच्या ज्ञानेश्वरीत मत म्हणून एक अक्षर नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर पारायण पुरं झाल्याच्या तारखा आहेत, काहींपुढे एखादा शब्द: ‘दुखणं’, ‘पाऊस नाही’, ‘नात झाली’. माणूस पुस्तकाकडे केव्हा केव्हा परत गेला हेही त्याचं मतच आहे, असं मला ती यादी पाहून वाटतं.

आणि पोथीवर हात चालवण्याची ओढ वाचकांना पूर्वीपासून होती. शके १२१२ मध्ये सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी नकला करणाऱ्यांच्या आणि वाचणाऱ्यांच्या हातून पुढे जाता जाता पाठभेदांनी इतकी भरून गेली की एकनाथांना शके १५०६ मध्ये तिचं शुद्धीकरण करावं लागलं. काम पुरं झाल्यावर, यापुढे कुणी हिच्यात आपली ओवी घालू नये, असंही त्यांनी बजावून ठेवलं. मला यात वाचकाचा अपमान दिसत नाही. वाचकाने जरूर बोलावं, पण समासात. लेखकाच्या ओळीत शिरू नये, एवढंच त्यातून मी घेते.

शिकणं, मुलं, श्रद्धा आणि संसार हे चारही विषय एकत्र असलेलं एक पुस्तक मराठीत आहे आणि ते एका बाईने स्वतः लिहिलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई त्यानंतर बराच काळ नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. सोवळं कसं एकेक पाऊल सुटत गेलं, हे त्यांनी इतकं जसंच्या तसं सांगितलं आहे की वाचणाऱ्याला आपल्या घराचं सोवळंओवळं दिसू लागतं. १९३४ पासून भागांनी निघालेलं हे पुस्तक ब्राह्मण घरांतही वाचलं गेलं, जपलं गेलं. माझ्या आत्याचं त्यावरचं मत मी विसरणार नाही. ती कडक सोवळं पाळणारी होती. पुस्तक वाचून झाल्यावर म्हणाली, ‘हिने केलं ते मी केलं नसतं. पण हिच्या घरी मी जेवले असते.’ आत्याने तेवढ्या दोन वाक्यांत स्वतःची श्रद्धा सोडली नाही आणि दुसऱ्या बाईचं घर परकंही मानलं नाही. असं मत द्यायला आयुष्य जगलेलं असावं लागतं. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून इथे लिहिलं.

आज पुस्तकांना तारे दिले जातात, पाचपैकी चार, पाचपैकी साडेतीन. घरात वापरायच्या पुस्तकांना हा हिशेब लागू पडत नाही असं माझं ठाम मत आहे. साडेतीन ताऱ्यांतून मला वाटीचं माप कळत नाही. ग्रंथालयांतल्या अभिप्रायाच्या वह्यांतही बहुधा कर्मचाऱ्यांचं सौजन्य आणि इमारतीची स्वच्छता यांवर लिहिलेलं असतं. पुस्तक घरी नेऊन काय झालं ते नसतं. त्या वहीत एक रकाना त्यासाठी ठेवला तर काय बहार होईल!

तुमच्याकडे असं एखादं वापरलेलं पुस्तक असेलच. ते मुलीला, सुनेला, शेजारणीला किंवा ग्रंथालयाला देण्यापूर्वी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार ओळी लिहा. घरात कोण होतं, मुलं केवढी होती, यातलं काय केलंत, काय जमलं नाही, आणि कुठलं म्हणणं तुम्हाला आजही पटत नाही. खाली तारीख घाला. आणि मुलांनाही त्यांच्या चार ओळी लिहू द्या.