माझ्यासाठी प्रार्थना कर

आमच्या शाळेत ख्रिस्ती कॅडेट मोजकेच आहेत. दर रविवारी संध्याकाळी आम्ही एका रिकाम्या वर्गात प्रार्थनेसाठी जमतो. मी बारावीतला, म्हणून सभा चालवायचं काम माझ्याकडे. कुणाची परीक्षा, कुणाचे वडील सीमेवर, कुणाचा पाय मुरगळलेला. मी सगळ्यांसाठी प्रार्थना करायचो. तुझ्यासाठी काय मागू, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं, "काही नाही, मी ठीक आहे."

गेल्या ऑगस्टमध्ये अहिल्यानगरहून बाबांचा फोन आला. आईचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं. मी कोणाला काही सांगितलं नाही. पीटी, परेड, प्रेप नेहमीसारखं चालू ठेवलं. हाउस कॅप्टनने पडका चेहरा दाखवायचा नसतो, असं मला वाटे.

त्या रविवारी सभा संपल्यावर आठवीतला एक मिझो मुलगा मागे थांबला. म्हणाला, "सर, मैं आपके लिए प्रार्थना करूँ?" मी पटकन नको म्हणालो. तो खाली मान घालून निघून गेला.

रात्री आजीशी बोलताना हे सहज सांगितलं, तर ती रागावलीच. "अरे, मोशेनेसुद्धा हात धरून घेतले. तू कोण मोठा लागून गेलास?"

निर्गमाच्या 17 व्या अध्यायातली ती लढाई मला पाठ होती. खाली यहोशवा अमालेक्यांशी लढतोय आणि वर टेकडीवर मोशे हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेक्यांची. शेवटी मोशे थकतो. मग तो धोंड्यावर बसतो आणि अहरोन व हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवतात. मी नेहमी त्या दोघांचं कौतुक करायचो. मोशेने आपले थकलेले हात त्यांच्या हाती दिले, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

पौलही आपल्या पत्रांत मंडळ्यांना, आमच्यासाठी प्रार्थना करा, असं सांगतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने तीन शिष्यांना आपल्याबरोबर जागं राहायला सांगितलं. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. पण त्याने मागितलं. मग मी सगळ्यांना देणार आणि कोणाकडून काही घेणार नाही, ही माझी सेवा नव्हती. तो अहंकार होता.

दुसऱ्या दिवशी प्रेपनंतर मी त्या मुलाला शोधलं. "माझ्या आईचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटतेय," हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. त्याने डोळे मिटून आपल्या भाषेत प्रार्थना केली. मला त्यातलं फक्त माझं नाव कळलं. पण त्या रात्री मला झोप लागली.

आई आता बरी आहे. प्रार्थना केली म्हणून सगळं मनासारखं होतंच, असं मी म्हणणार नाही. आईचं काय होणार, हे त्या रात्री मला ठाऊक नव्हतं. पण भीती वाहायला मी एकटा उरलो नव्हतो.

मित्रांनो, रूट मार्चमध्ये पाय भरून आले की जोडीदार आपली पिठ्ठू उचलतो. तेव्हा आपण नको म्हणून अडून बसलो, तर सगळी तुकडीच मागे पडते. आता रविवारी कोणी विचारलं की मीही सांगतो, "हो, माझ्यासाठीही कर."