उजवी बाजू

ल्यों शहर पाहावयास दोन पाय पुरेसे आहेत. सॉन आणि रोन या दोन नद्यांनी वेढलेल्या या शहरात आम्ही उभयतांनी पहिले तीन दिवस पायीच भटकंती केली. इथले लोक आपल्या दोन टेकड्यांची मोठी सुंदर वाटणी करतात. फुर्व्हियेर ही प्रार्थना करणारी टेकडी, तर क्र्वा-रूस ही काम करणारी. पहिलीवर मरियामातेचे भव्य महामंदिर आहे, तर दुसरीवर एके काळी रेशीम विणणाऱ्यांच्या मागांची खडखड चाले. त्याच दुसऱ्या टेकडीच्या उतारावर रोमन रंगमंडलाचे अवशेष आहेत. इ. स. १७७ मध्ये ब्लांदिना या दासीने आपल्या सोबत्यांसह श्रद्धेसाठी इथेच प्राण दिले. त्या दगडांपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो.

परंतु सौभाग्यवतीचे मन आर्समध्ये गुंतले होते. संत जॉन मारी व्हियानी यांचे ते गाव ल्योंच्या उत्तरेस साधारण पस्तीस किलोमीटरवर आहे. वाटेत पेरूज हे मध्ययुगीन खेडे आणि दोंब हा तळ्यांचा प्रदेश पाहायचा, तर बसच्या वेळा जुळेनात. २०२३ सालचा तो सप्टेंबर महिना होता आणि माझ्या वयाला एकसष्ट वर्षे पूर्ण झाली होती. निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून घेतला होताच. मी मोटार भाड्याने घ्यायचे ठरवले.

पार-दियू रेल्वे स्थानकातील एका कचेरीत कागदपत्रे झाली. मोटारीस काही इजा झाल्यास नऊशे युरोपर्यंतचा खर्च माझा, मात्र रोज थोडे अधिक पैसे भरल्यास ती जोखीम टळेल, असे तेथील मुलीने समजावून सांगितले. मी नकार दिला. पस्तीस वर्षांत माझ्या गाडीला कुणाचा धक्का लागला असेल, माझा कुणाला लागला नव्हता. तिने मोटारीचे रेखाचित्र असलेला कागद पुढे केला. त्यावर आधीचे एक-दोन ओरखडे दाखवले होते. उजवी बाजू कोरी होती.

फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या अंगाने जावे लागते आणि चालक डावीकडे बसतो. गिअर उजव्या हाताने टाकताना पहिल्या तासात मी तीनदा दाराची काच खाली केली. मार्च २०२२ पासून ल्यों शहरात बहुतेक रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटरची मर्यादा आहे, हीच काय ती माझी सोय. वर्तुळाकार चौकात आधीपासून फिरणाऱ्याचा मान पहिला. मात्र जिथे फलक किंवा खूण नसेल, तिथे उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. हे सर्व मी पाठ केले होते. न कळणारी गोष्ट एकच होती. जन्मभर उजवीकडे बसून गाडी हाकणाऱ्या माणसाला आपल्या उजव्या हाताला आणखी एवढी गाडी शिल्लक आहे याचे भान राहत नाही.

त्या शिल्लक भागात माझी पत्नी बसली होती. “अहो, उजवीकडे फार जवळ जातंय,” ती दर पाच मिनिटांनी सांगत होती. शेवटी मी जरा तुटकपणे म्हणालो, “गाडी मी चालवतोय ना?” त्यानंतर ती काही बोलली नाही.

पेरूज हे नदीतल्या गोट्यांनी बांधलेले गाव टेकडीच्या माथ्यावर आहे. मोटार बाहेर ठेवून आम्ही त्या खडबडीत गल्ल्यांतून हिंडलो आणि लोणी-साखरेची तिथली प्रसिद्ध पोळी खाल्ली. परत निघताना वाहनतळावरून गाडी वळवली आणि दगडी कठड्याला घासल्याचा आवाज आला. उतरून पाहिले. मागच्या उजव्या दारावर हातभर लांबीचा ओरखडा होता. पत्नी माझ्याकडे पाहत होती. तिने सांगितले असते तर बरे झाले असते, असे म्हणण्याचीही सोय मी ठेवली नव्हती.

दोंबमधून जाताना माझे लक्ष निसर्गाकडे नव्हते. ही हजाराहून अधिक तळी माणसाने मध्ययुगापासून बांधत आणलेली आहेत. काही वर्षे पाणी ठेवून मासे वाढवायचे, मग पाणी सोडून मासे धरायचे आणि कोरड्या तळात वर्षभर पीक घ्यायचे, असा इथला जुना शिरस्ता आहे. एका तळ्यात बगळे उभे होते, शेजारच्या रिकाम्या तळ्यात मका. माझ्या डोक्यात मात्र हिशेब चालला होता. ओरखडा फारसा खोल नाही, वर धूळ बसली आहे, संध्याकाळी अंधुक उजेडात कोण पाहणार? “पुसून घ्यायचं का?” पत्नीने विचारले. “राहू दे,” मी म्हणालो. धूळ राहू देण्यामागचा हेतू तिने ओळखला असावा.

आर्सच्या वेशीजवळ एक पुतळा आहे. १८१८ साली या गावी नेमणूक झालेला हा धर्मगुरू वाट चुकला, तेव्हा त्याने गुरे राखणाऱ्या एका मुलाला रस्ता विचारला. त्या भेटीचे ते स्मारक आहे. ल्योंच्या फुर्व्हियेर महामंदिराचाच वास्तुकार पिएर बोसां याने इथले मंदिरही रचले, परंतु गावातले जुने साधे चर्च त्याला जोडून तसेच राखले आहे. लॅटिनच्या अभ्यासात सतत मागे पडलेल्या या माणसाकडे पापांची कबुली द्यायला फ्रान्सभरातून लोक येत आणि आपली पाळी येईपर्यंत दिवसच्या दिवस थांबत. तो बारा-बारा, सोळा-सोळा तास कबुलीच्या त्या अरुंद लाकडी कक्षात बसे. १८५९ साली मरण येईपर्यंत त्याचा हा क्रम सुटला नाही.

तो कक्ष पाहताना मला माझे हसू आले आणि लाजही वाटली. लोक कोसच्या कोस चालत आले ते मोठमोठी ओझी घेऊन. माझ्याजवळ हातभर ओरखडा होता आणि तोही मला झाकायचा होता. मी पत्नीला म्हणालो, “मघाशी मी तुला तसं बोलायला नको होतं.” ती म्हणाली, “ते झालं. आता गाडीचं काय?”

दुसऱ्या दिवशी सायंकाळी गाडी परत केली. कर्मचारी तरुण घाईत होता. त्याने इंधनाचा काटा पाहिला, किलोमीटर टिपले, डाव्या अंगाने एक चक्कर मारली आणि कागद सहीसाठी पुढे केला. माझा हात क्षणभर तसाच राहिला. मग मी त्याला खांद्याला धरून उजवीकडे नेले आणि रुमालाने धूळ पुसली. त्याने माझ्याकडे पाहिले, ओरखड्याकडे पाहिले आणि चित्रातल्या मोटारीच्या कोऱ्या बाजूवर एक रेघ ओढली.

दोनशे साठ युरो कापले गेले. रक्कम लहान नव्हती. उरलेले दोन दिवस आम्ही रेस्टॉरंटमध्ये न जाता बाजारातला पाव आणि चीज घेऊन सॉनच्या काठावर बसून जेवलो. परतल्यावर माझ्या गाडीत पत्नी नेहमीप्रमाणे डावीकडे बसली. पहिल्याच वळणावर ती म्हणाली, “अहो, डावीकडे जवळ जातंय.”

मी गाडी थोडी उजवीकडे घेतली.