झील

नेवाशाला प्रवरेच्या काठी तो दगडी खांब आहे. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आत शिरलं की डोळ्यांना काही वेळ काहीच दिसत नाही. मग अंधार थोडा निवळतो आणि त्यातून तो हळूहळू वर येतो, काळसर, निमूट, आपल्याला भेटायला कोण आलं आहे याची जराही उत्सुकता नसलेला. याला टेकून ज्ञानदेवांनी गीता सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, असं सांगतात. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. दुर्गाबाई भागवतांनी या खांबावर लिहिलं आणि त्यांच्या पुस्तकालाच ‘पैस’ हे नाव मिळालं. त्यांना इथे विस्तार दिसला, आभाळ दिसलं. माझी नजर मात्र दर वेळी खालीच अडते. मला ज्ञानदेवांचा चेहरा दिसत नाही, त्यांची पाठ दिसते. पंधरा वर्षांच्या पोराची, अजून पुरती न भरलेली, घामाने ओलसर झालेली पाठ. ज्याला आणि ज्याच्या भावंडांना शहाण्यासुरत्या जगाने वाळीत टाकलं, त्याची. बोलता बोलता दमल्यावर मागे रेलणारी, आणि रेलताना मागे काही आहे की नाही हे वळून न पाहणारी.

मागे खांब होता.

त्या खांबावर एक जुना संस्कृत लेख आहे. त्यात करवीरेश्वराला नमन आहे आणि अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. करवीरेश्वराच्या त्या देवळाचं आज काही उरलेलं नाही, खांब तेवढा उरला. म्हणजे या एका दगडाने दोन कामं केली: एका दिव्याच्या तेलाची हमी धरून ठेवली आणि एका पोराचा भार घेतला. दोन्ही वेळा तो स्वतः काही बोलला नाही. पाठिंबा हा शब्द मी वर्तमानपत्रांत हजारदा वाचला असेल, पण माझ्या अंगाला तो पहिल्यांदा लागला तो इथे, या गारव्यात.

पाठ हा आपल्या देहातला सगळ्यात भाबडा भाग. तिला डोळे नाहीत, तिच्यापर्यंत आपला हात धड पोचत नाही, आरशातही ती आपल्याला सरळ भेटत नाही. जन्मभर आपण तिला दुसऱ्यांच्या भरवशावर सोडून हिंडतो. म्हणूनच की काय, मराठीने मायेचे आणि दग्याचे सगळे व्यवहार तिच्याच अंगणात मांडले. पाठीशी उभं राहायचं ते इथेच आणि वार करायचा तोही इथेच. ज्याच्यावर रुसलो त्याच्याकडे फिरवायची ती पाठ, आणि ज्याने जिंकलं त्याची थोपटायची तीही पाठ. आपल्यामागून जन्माला आलेलं भावंडही पाठचं. सोपान आणि मुक्ताई ही ज्ञानदेवांची पाठची भावंडं.

पूर्वी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण धाडत. माझ्या आत्याच्या लग्नात हे पद माझ्याकडे आलं होतं. नगरहून अकोले गावाकडे जाणारी एसटी, खिडकीच्या गजांना लटकणारा मुंडावळ्यांचा एक तुटका मणी, पायाशी ट्रंक, आणि शेजारी हळदीच्या वासाची, एकदम अनोळखी होऊन बसलेली आत्या. सासरी दारातच कुणी तरी हनुवटी उचलून विचारलं, “पाठराखीण का गं तू? ये, आधी चार घास खा.” मी खाल्लं आणि झोपले. एवढीच माझी कामगिरी. पण रात्री कधी तरी जाग आली तेव्हा आत्याने माझ्या फ्रॉकची कड मुठीत घट्ट धरली होती, झोपेतही सोडली नव्हती. सकाळी त्या कडक इस्त्रीच्या फ्रॉकवर तिच्या मुठीएवढी एक चुरगळ उमटलेली होती, आणि आईने पुढे कितीही इस्त्री फिरवली तरी ती मला दिसत राहिली. मंत्र्यांनी अमक्या अधिकाऱ्याची पाठराखण केली असं आता वाचते तेव्हाही मला आधी तो फ्रॉक आठवतो. मग हसू येतं.

त्या वाटेवर एसटी संगमनेरला बराच वेळ थांबायची. संगमनेर म्हणजे शाहीर अनंत फंदीचं गाव. सन १७४४ ते १८१९ एवढं त्याचं आयुष्य. आधी डफावर थाप, मग हातात चिपळ्या. अहिल्याबाई होळकरांनी सांगितलं म्हणून त्याने तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. त्याच अहिल्याबाई, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, ज्यांच्या नावाने आता आमचा जिल्हा ओळखला जातो. (कंडक्टर मात्र अजून “नगर, नगर, नगर” असंच ओरडतात आणि गर्दी त्याच नावाला धावते.) फंदीचं नाव राहिलं. मला मात्र त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांची ओढ आहे.

झीलकऱ्यांची.

जत्रेत गॅसबत्तीच्या उजेडात मी त्यांना पाहिलं आहे. शाहीर पुढे, कानावर हात, मानेची शीर तट्ट फुगलेली. मागे दोघे-तिघे, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, अर्धे उजेडात अर्धे अंधारात. शाहीर ओळ वर वर चढवत नेतो, नेतो, आणि जिथे त्याच्या छातीतला वारा संपतो, नेमक्या त्या जागी मागचे सूर उचलतात: जी जी रं जी, जी जी रं जी. शब्दकोशात शोधायला गेलं तर त्या अक्षरांतून काही हाती लागत नाही. पण शाहीर दम घेतो तेवढ्या फटीत अख्खा पोवाडा कोसळू शकला असता. तेवढ्या फटीत झीलकऱ्याचं सगळं गाणं असतं. होयबा वेगळा आणि झीलकरी वेगळा. होयबा पुढच्याच्या शब्दावर मान डोलावतो. झीलकरी पुढच्याच्या श्वासावर लक्ष ठेवून असतो, आणि त्यासाठी स्वतःचा राखून ठेवतो.

आमच्या कोरड्या जिल्ह्याने मागे उभं राहण्याच्या अनेक तऱ्हा पाहिल्या. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत लोकांनी श्रमदान केलं, पाणी अडवायला बांध घातले. तिथे पाठिंबा आधी फावड्याच्या दांड्याला लागला आणि टोपीवर फार नंतर आला. ५ एप्रिल २०११ ला त्याच गावचे अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले, तेव्हा तो देशभर टोपीवर होता, मेणबत्तीत होता, आणि फोनमध्येही होता. एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. एक घंटी वाजू द्यायची आणि तोडायचा. पैसा कटत नाही, पाठिंबा लागतो. मला त्याची टिंगल करावीशी वाटत नाही. त्या उन्हाळ्यात अनेकांना आपल्या छातीत काही तरी वाजल्याचं खरोखर ऐकू आलं होतं. पण घंटी एकच होती, आणि दम पुढे बराच लागणार होता.

मग पुणतांबा. गोदाकाठचं, राहाता तालुक्यातलं गाव. चांगदेवांची समाधी इथे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद धाडला, काय लिहावं हेच सुचेना म्हणून, ही गोष्ट आपण सगळे ऐकत वाढलो. २०१७ च्या एप्रिलमध्ये याच गावच्या ग्रामसभेत कागद कोरा राहिला नाही. शेतकऱ्यांनी संपावर जायचं, असा ठराव झाला. १ जूनला संप सुरू झाला आणि बघता बघता राज्यभर पसरला. पहाटे काळोखात ज्या हातांनी धार काढली, आचळांना तूप लावलं, फेस निवेपर्यंत वाट पाहिली, त्याच हातांनी रस्त्यावर कॅन आडवं केलं. दूध आधी सावकाश येतं, मग एकदम. डांबर ते पीत नाही. ते कडेच्या मातीपर्यंत जातं, तिथे क्षणभर पांढरं थबकतं, आणि नाहीसं होतं. बघणाऱ्यांनी नासाडी म्हटलं. नासाडी होतीच ती. स्वतःच्या गोठ्याची, स्वतःच्या हाताने.

त्या आठवड्यात शहरातल्या ओळखीपाळखीत एकच वाक्य फिरत होतं: “शेतकऱ्यांना आपला पूर्ण पाठिंबा आहे, पण दूध कधी सुरू होणार?” मीही त्याच शहरात राहते. त्या वाक्याच्या मध्यभागी असलेला तो ‘पण’ मी किती तरी घरांत ऐकला, स्वयंपाकघराच्या दारात, रिकाम्या पिशव्या हातात घेऊन. २ जूनच्या रात्री मुंबईत बोलणी झाली, पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं, आणि गावोगावचे शेतकरी संतापले. पुढचे थांबले तरी मागच्यांनी सूर सोडायला नकार दिला. झीलच गाऊ लागली म्हणा. ५ जूनला महाराष्ट्र बंद झाला, शेतकऱ्यांची सुकाणू समिती पुढे आली, ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि २४ जूनला दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली. आकडे वर्तमानपत्रात आले. पुणतांब्याच्या रस्त्याकडेची माती कुणी मोजली नाही.

हल्ली पाठिंबा कागदावर राहतो. पाठिंब्याचं पत्र असतं, त्याला जावक क्रमांक असतो. जाहीर पाठिंबा, बिनशर्त पाठिंबा, बाहेरून पाठिंबा. बाहेरून या शब्दाशी मी नेहमी थबकते. पाठ कुणाची, बाहेर कोण, आणि पाऊस आला तर आत कोण येणार? दिलेला पाठिंबा काढूनही घेता येतो. खांब काढून घेता येत नाही, निदान रात्रीत नाही.

पण कागदावरचा एक पाठिंबा मला फार खरा वाटतो, कारण त्याचा हिशेब निष्ठुर आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली, आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या. म्हणजे जी घरात भाकरी थापत राहिली, जिला नवऱ्याने उंबऱ्यात अडवलं, जी म्हणाली की माझा आहेच की मनातून पाठिंबा, तिचं न पडलेलं मत उभ्या बाटलीलाच टेकू देतं. मनातला पाठिंबा मोजणारी पेटी अजून कुणी केलेली नाही.

श्रीगोंद्याकडच्या एका गावात अशा मतदानाच्या दिवशी मी पारावर बसले होते. त्या खेपेला आकडा पुरला नाही, बाटली उभीच राहिली. सकाळपासून बायका येत होत्या, तिघी-चौघी मिळून, एकमेकींच्या मनगटाला धरून, पदर दातात, पारावरच्या बाप्यांकडे न बघता झपाझप. उन्हं चढली तशी रांग विरळ झाली. तेव्हा एक म्हातारी एकटीच काठी टेकत निघाली. टाचांना भेगा, हातात चपला, त्या का घातल्या नव्हत्या कोण जाणे. पारावरचा एक पोरगा हसत म्हणाला, “आज्जे, तू कशाला उन्हाची निघालीस? म्हाताऱ्याला जाऊन तर दहा वरसं झाली.”

“पिऊनच गेला ना त्यो.”

“मंग? आता बाटली आडवी काय अन् उभी काय, तुला काय त्याचं?”

म्हातारी थांबलीसुद्धा नाही. “माझा गेला,” चालता चालता ती म्हणाली, “शेजारणीचा हाय अजून जित्ता.”