लातूरची प्रत

'बॅकअप' ह्या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. त्यावरून कुणाला वाटेल की आपल्याकडे ती चालच नाही. खरी गोष्ट उलटी आहे. चाल इतकी जुनी आहे की तिला नाव ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. लोणच्याची एक बरणी खाली आणि एक माळ्यावर असते. घराची एक किल्ली कडोसरीला आणि दुसरी शेजारच्या काकूंकडे असते. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना तर दुसरी प्रत परगावी असावी हेही कुणी शिकवायला नको. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे आमच्या पणजोबांचे पुष्कळसे कागद आजही हैदराबादेत. २०२३ साली शासनानं कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, तेव्हा जुन्या दप्तरासाठी तिलाही हैदराबादेची वाट धरावी लागली. आता ते कागद उर्दूत आणि मोडीत, आणि वाचणारा माणूस शोधेपर्यंत अर्धी हयात जायची, हा भाग निराळा. प्रत असणं आणि ती वेळेला उपयोगी पडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं पोट ह्या दुसऱ्या गोष्टीवर चालतं.

मी नांदेडला सर्व्हर सांभाळतो. सोयरिकीच्या बैठकीत हे सांगितलं की समोरची मंडळी आधी 'हॉटेलात का?' असं विचारतात. मग मी 'कॉम्प्युटर' म्हणतो, आणि लगेच कुणीतरी खिशातून बंद पडलेला मोबाईल काढतो. असो.

माझ्या गिऱ्हाइकांत एक पतसंस्था आहे. नाव सांगत नाही, उगाच ठेवीदार दचकायचे. मुख्य कचेरी नांदेडला, एक शाखा लातूरला. नांदेडच्या सर्व्हरवरची सगळी कागदपत्रं रोज रात्री दोन वाजता लातूरच्या सर्व्हरला जोडलेल्या एका डिस्कवर उतरावीत, अशी व्यवस्था माझ्या आधीच्या मुलानं लावून ठेवलेली होती. दोन गावं का, तर अध्यक्षांचं म्हणणं, गोदावरीचा भरवसा नाही. विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की नांदेडात नदीकाठच्या माणसाची झोप उडते. लातूरच्या शाखाधिकाऱ्यांचं म्हणणं, आमच्या जमिनीचा भरवसा नाही. तेव्हा पूर आणि भूकंप एकाच रात्री येणार नाहीत, अशा हिशेबानं हा ठराव एकमतानं पास झाला. पतसंस्थेच्या इतिहासात एकमतानं पास झालेला तो एकच ठराव असावा.

सर्व्हरवर लिनक्स होतं, कारण ते फुकट आहे असं अध्यक्षांनी कुठंतरी ऐकलं होतं. ही सगळी यंत्रणा उभी करणारा मुलगा पुढं पुण्याला हिंजवडीत गेला. जाताना त्यानं एक चिठ्ठी ठेवली होती. तिच्यावर एकच वाक्य: 'सगळं ऑटोमॅटिक आहे.' मराठी भाषेत ह्याच्याइतकं धोक्याचं वाक्य मी वाचलेलं नाही.

आता ही प्रत निघते कशी, हे जरा सांगतो, घाबरू नका. आरसिंक नावाचं एक साधन आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास ह्या दोघांनी ते १९९६ साली काढलं. समजा नांदेडचा कारकून आणि लातूरचा कारकून एकाच खतावणीच्या दोन वह्या घेऊन फोनवर बसलेत. सगळी वही वाचून दाखवायची म्हटलं तर फोनचं बिल ठेवींपेक्षा मोठं व्हायचं. तेव्हा आधी वहीची जाडी आणि शेवटची तारीख जुळते का बघतात. जुळली की पुढची वही. नाही जुळली तर एकजण तुकड्या-तुकड्यानं बेरजा सांगतो, आणि जिथं बेरीज जमत नाही तेवढाच मजकूर दुसरा वाचून दाखवतो. आहे की नाही डोकं? माझ्या मते गेल्या तीस वर्षांत इतकी काटकसरी गोष्ट दुसरी झाली नाही, आणि ती एखाद्या कोमट्यानं न काढता ऑस्ट्रेलियन माणसानं काढावी ह्याचं मला नेहमी नवल वाटतं.

पण हे साधन काटकसरी तसंच आज्ञाधारक आहे, आणि घात तिथं आहे. त्याला 'डिलीट' असा एक शब्द जोडून दिला की नांदेडला जे पुसलं ते लातूरलाही पुसायचं, असा त्याचा अर्थ होतो. त्या मुलानं तो जोडला होता. म्हणजे हा फोटो नव्हता, आरसा होता. फोटोत तुमच्या मिशा राहतात; आरशापुढं मिशा भादरल्या की आरशातही भादरल्या जातात. पतसंस्थेत सगळेजण 'लातूरला बॅकअप आहे' म्हणून निवांत होते, आणि लातूरला होता आरसा.

२०२४ च्या पितृपक्षातली गोष्ट. एका सकाळी लातूरहून फोन आला, "सर, सर्व्हर हँग मारायलाय." नांदेडातूनच आत शिरून पाहिलं तर सर्व्हरची स्वतःची डिस्क काठोकाठ भरलेली, शंभर टक्के. आणि प्रतीसाठी लावलेली मोठी डिस्क? तिचा पत्ताच नव्हता. तिच्या नावाचं फोल्डर होतं, त्यात माल होता. पण डिस्क नव्हती. घरमालक गेलाय, दारावर पाटी तशीच आहे आणि पोस्टमन उंबऱ्याच्या आत टपाल टाकतोच आहे, तसा प्रकार. रोज रात्री दोन ते सहा आरसिंक चालायचं. आमच्या लाइनीच्या वेगानं रात्रीला अठराएक जीबी. ते सगळं ह्या बिनडिस्कच्या फोल्डरात, म्हणजे सर्व्हरच्याच पोटात पडत गेलं, आणि एकोणिसाव्या दिवशी पोट फुगलं.

तुम्ही विचाराल, कुणी तक्रार केली नाही का? केली होती की! क्रॉन म्हणून जो रात्रीची कामं उरकणारा रामागडी असतो, तो अडचण आली की पत्र लिहितो. पण पत्र लिहितो त्याच यंत्रातल्या 'रूट' नावाच्या धन्याला. हा धनी कोण, तर कुणीच नाही. त्या पेटीत दोन हजारांवर पत्रं न फोडता पडून होती. मी वरवर चाळली. इतक्या नम्रपणे इतका काळ दुर्लक्षित राहिलेला पत्रलेखक मी वृत्तपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारातही पाहिलेला नाही.

डिस्क प्रत्यक्ष बघायलाच हवी होती. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं दुपारी लातूरला पोचलो. शाखेत मामा होते. मामा म्हणजे शिपाई, रखवालदार, चहावाला आणि शाखाधिकारी रजेवर असले की जवळजवळ शाखाधिकारी. मी टेबलाखाली शिरलो तसे म्हणाले, "काय शोधलालाव साहेब?"

"ही डिस्कची वायर, मामा. प्लग बाहेर आहे."

"ती व्हय? गणपतीला लायटिंग नको का? पिन एकच होती. म्यॉच काढली."

मग उलगडा झाला. गणेश चतुर्थीला वायर निघाली, तोरण लागलं. त्याच संध्याकाळी वीज गेली, यूपीएसनं दम टाकला, आणि वीज परत आल्यावर सर्व्हर उठला तो डिस्कवाचून. गणपती गेले, तोरणाच्या जागी मोबाईलचं चार्जर आलं. शाखेत बुद्धीची देवता बसवायची म्हणून यंत्राची स्मृती काढली, ह्यावर एखादा कीर्तनकार तासभर बोलला असता.

मी चार्जर काढलं. डिस्कचा प्लग हातात धरला. म्हटलं, लावावा, डिस्क जागेवर बसवावी, आणि रात्री दोन वाजता आरसिंक आपोआप मागचं सगळं भरून काढील. तेवढ्यात फोन वाजला. नांदेडच्या अक्का. अक्का तिथल्या ज्येष्ठ कारकून. त्यांच्या आवाजाला घाई ठाऊक नाही.

"सर, लातूरला हाव का? जेवण झालं का? एक इचारायचं होतं. ते 'जुने दोन' नावाचं फोल्डर शनिवारी नव्या पोरानं साफसफाईत उडवलं म्हणायलाय. लातूरहून येईल का हो ते?"

"काय होतं त्यात?"

"काही नाही, जुनं वारसाचे फॉर्म, सह्या, फोटो. एक आजी सकाळपासून बसून हाईत बाकावर. मालक वारले त्यांचे. आपल्याकडं वारस म्हणून नाव हाय म्हणतेत."

ते फॉर्म कागदावर नव्हते. तळघरातल्या कपाटात होते तेव्हा एका पावसाळ्यात त्यांचा लगदा झाला, आणि म्हणून तर ते स्कॅन करून ठेवले होते. म्हणजे 'जुने दोन' हीच मूळ प्रत, आणि ती शनिवारी गेली होती. गेल्या एकोणीस दिवसांत लातूरच्या फोल्डरात जे उतरलं त्यातूनही ती आज्ञाधारकपणे पुसली गेली होती. उरली कुठं? माझ्या हातात जिचा प्लग होता, त्या डिस्कमध्ये. शनिवारी तिच्यात वीज नव्हती म्हणून. प्लग लावून मी लॉजवर झोपायला गेलो असतो, तर रात्री दोनला आरसा उजळला असता आणि आजीबाईंचा कागद भादरला गेला असता.

मामांना म्हटलं, "मामा, गणपती पावला."

"पावणारच की," मामा म्हणाले, "लायटिंग बी तशीच केल्ती."

मी आधी नांदेडच्या क्रॉनमध्ये त्या ओळीच्या डोक्यावर हॅशचं चिन्ह ठेवलं. तेवढं ठेवलं की ती ओळ मौनात जाते. मग डिस्क जोडली, पण नुसती वाचण्यापुरती. लिहायची परवानगी तिला दिली नाही. उघडली. 'जुने दोन' जागच्या जागी. साठ जीबी. लातूरहून नांदेडला आमच्या लाइनीवरून पाठवायचे तर तेरा-चौदा तास, एसटीला साडेतीन. लाल परीपुढं फायबर हरतं, हे गणित मी पुढं बऱ्याच लोकांना कागदावर करून दाखवलं. फक्त ही एकुलती एक डिस्क मांडीवर घेऊन खड्ड्यांतून जायला मन धजेना, म्हणून बाजारातून दुसरी आणली आणि तिच्यावर प्रत काढायला बसलो. आधी कोरडी तालीम, म्हणजे काय करशील ते नुसतं सांग, करू नकोस. आरसिंकमध्ये ही सोय आहे. संसारात असती तर किती बरं झालं असतं. शिवाय फोल्डरच्या नावापुढं तिरकी रेघ आहे की नाही तेही दोनदा पाहिलं. रेघ असली तर आतला माल जातो, नसली तर पोत्यासकट. ह्या एका रेघेनं शहाण्यासुरत्या माणसांच्या रात्री खाल्ल्या आहेत.

प्रत निघेपर्यंत मामांनी चहा केला. मी त्यांना सांगत होतो, मामा, हे मोठ्यांचंही होतं. १९९८ साली अमेरिकेत 'टॉय स्टोरी २' नावाचं चित्र चालू असताना कुणीतरी चुकीचा हुकूम दिला आणि बहुतेक सिनेमा पुसला गेला. बॅकअपही नीट चालत नव्हता. वाचला तो एका बाईमुळं. बाळंतपणामुळं ती घरून काम करायची, म्हणून घरी एक प्रत होती.

"बरोबर हाय," मामा म्हणाले. "घरी एक पायजेच. पण घरातच सगळ्या नको."

मामा किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते आडवे झालेले. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं धाबं. मामा दिंडी काढून उशिरा आले आणि बाहेर बाजेवर झोपले, म्हणून राहिले. आई आणि धाकटी बहीण आत होत्या. "सातबारा तलाठ्याकडं होता, तो घावला," मामा म्हणाले. "बहिणीचा फोटू मातर एकच होता घरात." पुढं दोन वर्षांनी त्यांना कळलं की तिच्या शाळेच्या एका गुरुजींकडे वर्गाचा फोटो आहे, लातूरला. तो मागून त्यांनी तिच्यापुरता मोठा करून घेतला. एक पेटीत ठेवला, एक उदगीरला सासुरवाडीत. तिसरा त्यांनी उठून दाखवला. शाखेतल्या गणपतीच्या तसबिरीमागं, प्लास्टिकच्या पिशवीत, सुतळीनं बांधलेला. दोन वेण्या, आणि उन्हामुळं मिचकावलेले डोळे.

तीन प्रती, त्यातली एक परगावी, हा नियम आमच्या धंद्यात पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरमुळं प्रसिद्ध झाला. मी ते मामांना सांगितलं नाही. त्यांनी फोटो परत बांधला आणि कप विसळायला गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नांदेडला पोचलो. आजीबाई पुन्हा येऊन बसल्या होत्या. फॉर्म उघडला, मालकांची सही, खाली वारस म्हणून आजींचं नाव, शेजारी त्यांचा तेव्हाचा अंगठा. अक्कांनी छापून हातात दिला. आजी तो उलटा धरून बराच वेळ बघत होत्या, मग त्यांनी विचारलं, "ह्याची एक झेरॉक्स मला दे बाई. घरी ठिवते."

पुढं आरशाचा फोटो करायचं काम मी उरकलं. आता रोजची वेगळी तारीखवार प्रत राहते, डिस्क जागेवर नसेल तर आरसिंक सुरूच होत नाही, आणि क्रॉनची पत्रं 'रूट'ऐवजी अक्कांच्या फोनवर येतात. त्या ती सगळी वाचतात आणि मला विचारतात, त्यामुळं माझी सकाळ त्यांच्या ताब्यात गेली आहे. लातूरच्या भिंतीत दुसरी पिन बसवून घेतली. जगात ३१ मार्चला 'बॅकअप दिन' पाळतात, तो आपणही पाळावा, असं मी संचालकांना सुचवलं. पतसंस्थेत ३१ मार्च म्हणताच सगळ्यांचे चेहरे असे झाले की मी तो विषय मागं घेतला.

त्याऐवजी दर महिन्याच्या बैठकीत एका संचालकानं कुठल्याही एका फाईलचं नाव सांगावं आणि मी ती लातूरच्या प्रतीतून काढून दाखवावी, असं ठरलं. पहिले तीन महिने छान गेले. चौथ्या महिन्यात एका संचालकांनी दुसऱ्या संचालकांच्या मेहुण्याच्या कर्जाची तारणफाईल मागितली. मी लातूरला शोधली, नाही. मागच्या तारखांत शोधली, नाही. नांदेडला शोधली, तिथंही नाही. अक्कांनी सावकाश सांगितलं की ती कधी नव्हतीच. बैठक तहकूब झाली, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत 'बॅकअप तपासणी' हा विषय छापायचा राहून गेला होता.