नऊ स्वयंपाकघरांचं इस्पितळ

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून तासाभरात गाडी ब्रायटनला पोचते. डब्यातली मंडळी समुद्राकडे वळली. मी रॉयल पॅव्हिलियनची वाट धरली. घुमट, मनोरे, जाळीच्या कमानी पाहून वाटतं, लखनौकडचा एखादा महाल चुकून इथं उतरला असावा. चौथ्या जॉर्जची ही हौस. डिसेंबर १९१४ पासून वर्षभराहून अधिक काळ इथं पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून आणलेल्या जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं.

आतल्या संग्रहालयात डोम या इमारतीचं जुनं छायाचित्र आहे. मूळचा हा राजाचा तबेला. अवाढव्य घुमटाखाली खाटांच्या रांगा, त्यांवर फेटेवाले रुग्ण. जातिधर्माप्रमाणे स्वयंपाकघरं नऊ. हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. आवारात शिखांसाठी तंबूतला गुरुद्वारा, मुसलमानांना नमाजासाठी हिरवळ. सातासमुद्रापार येऊनही सोवळंओवळं सुटलं नव्हतं. सरकारनंच ते जपलं होतं.

या काळजीत माया असेल, पण हिशेबही होता. धर्म बाटल्याची बातमी गावी गेली, तर भरतीवर परिणाम होणार. म्हणून तेव्हाच्या राजानं शिपायांसाठी आपला वाडा सोडला, असा गवगवा झाला; चित्रांची पोस्टकार्डं निघाली. खरं तर वाडा १८५० पासून नगरपालिकेचाच होता! ऑगस्ट १९१५ मध्ये पाचव्या जॉर्जनं इथंच जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. ईप्रच्या लढाईत विषारी वायूनं त्यांची तब्येत खालावली होती. बाहेर मात्र कुंपण, फिरण्यावर बंधनं. घरी जाणारी पत्रंही सेन्सॉरच्या नजरेखालून जात.

दुपारी बसनं पॅचमला उतरून टेकडी चढले. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांना इथं अग्नी दिला. मुसलमानांचे देह दूर वोकिंगला, मशिदीजवळच्या दफनभूमीत नेले. दहनाच्या जागी आठ खांबांची पांढरी संगमरवरी छत्री आहे. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस या तरुण वास्तुकाराचा. उद्घाटन १९२१ मध्ये युवराजांच्या हस्ते.

जवळच एका भिंतीवर ती ५३ नावं आहेत. ती २०१० मध्ये लागली. कोणी कोणत्या चुलीवरचं खायचं, हे ठरवायला सरकारला थोडे आठवडे पुरले. या जागेवर नावं कोरायला छत्रीनंतर ८९ वर्षं लागली.