समक्ष

आमच्या वडिलांच्या मृत्युपत्राची शेवटची ओळ ‘आम्हां दोघांसमक्ष सही केली’ अशी आहे आणि तिच्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. कागद फेब्रुवारी २००३ मधला. ऑगस्ट २००६ च्या महापुरात तापीचे पाणी आमच्या नानपुऱ्यातील घरात शिरले, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातील हा कागदही भिजला आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीची शाई पसरली. पुढे वडील गेले, तो साक्षीदारही गेला. उरले एकटे काका.

काका आमच्या नात्यातले नव्हेत. वडिलांबरोबर त्यांनी सुरतेत एकाच कचेरीत तीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ते खानदेशातील आपल्या गावी परतले. दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी स्थानके मोजत सुरतेस आलेल्या आपल्या कुटुंबांना ती वाट पाठ आहे. परंतु अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी काकांना तो प्रवास झेपणारा नव्हता.

मृत्युपत्राने घर मला दिले होते. धाकट्या बहिणीने वाटणीचा दावा लावला. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात आणि प्रत्येकाने ते करणाऱ्याच्या समक्ष सही करावी लागते. न्यायालयात एक साक्षीदार तपासला तरी चालते, पण त्याच्या तोंडून दोघांच्याही सह्यांची हकिकत शाबीत व्हावी लागते. म्हणजे माझे घर काकांच्या स्मरणावर उभे होते.

अशा वेळी पूर्वी कमिशन निघे. न्यायालयाने नेमलेला वकील लेखनिकाला घेऊन आजाऱ्याच्या घरी जाई आणि खाटेजवळ बसून जबानी उतरवून घेई. साक्षीदाराची दगदग वाचे खरी, परंतु न्यायाधीशांपुढे येई तो केवळ कागद. बोलताना त्या माणसाचा चेहरा कसा झाला, तो कोठे अडखळला, हे त्या कागदावर क्वचितच उमटे.

चेहरा दुरूनही न्यायालयापुढे आणता येईल काय, हा प्रश्न मुंबईतील एका खटल्यात उभा राहिला होता. एका कर्करुग्ण महिलेवरील शस्त्रक्रियेसंबंधात डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्यावर फौजदारी खटला चालू होता. न्यूयॉर्कचे डॉ. अर्नेस्ट ग्रीनबर्ग साक्ष देण्यास तयार होते, पण त्यासाठी भारतात येण्यास राजी नव्हते. पडद्यावरून साक्ष घेण्याची खालच्या न्यायालयाने दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने रद्द केली. अखेर १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आरोपीच्या उपस्थितीत पुरावा घेणे याचा अर्थ देहाने समोरासमोर असणे एवढाच नव्हे. (डॉ. देसाई यांची २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली.) वडिलांच्या सहीला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मृत्युपत्राची ‘समक्ष’ देहाचीच राहिली आणि साक्षीची ‘समक्ष’ मात्र सातासमुद्रांपलीकडे पोचली.

कोरोनाच्या काळात ही सोय सर्वत्र आली. ६ एप्रिल २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, नियम होईपर्यंत दोन्ही पक्षांच्या संमतीवाचून पडद्यावरून पुरावा नोंदवू नये. आमच्या दाव्यातही आधी बहिणीला विचारण्यात आले. तिने तत्काळ होकार दिला. “काकांना इथवर ओढून आणायचे नाही,” एवढेच ती म्हणाली. त्या दोन वर्षांत आम्हां भावंडांचे एकमत झालेली ती एकच गोष्ट.

आदल्या रात्री मी काकांना दूरध्वनी केला. प्रकृतीची चौकशी केली, पण मनात दुसरेच होते. “काका, दोघांनी एकदमच सह्या केल्या होत्या ना?” एवढे एक वाक्य ओठांवर आले होते. ते त्यांना कळले असावे. ते म्हणाले, “तू मला काही सांगू नकोस. तू सांगितलेले लक्षात राहील आणि मी पाहिलेले विसरून जाईन.” मी ओशाळून दूरध्वनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या गावच्या न्यायालयात एका खुर्चीत बसलेले पडद्यावर दिसले. ओळखपत्र दाखवून झाले. बहिणीच्या वकिलांनी खोलीत आणखी कोणी नाही ना, हे पाहण्याची विनंती केली. तेथील कर्मचाऱ्याने कॅमेरा चारही भिंतींवरून फिरवला. मला ते रास्त वाटले. पडद्याच्या चौकटीबाहेर कोण उभे आहे, हे पडदा आपण होऊन सांगत नाही. आणि तेथे कोण उभे राहू शकले असते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते?

सरतपासात काकांनी अस्सल सुरती गुजरातीत उत्तरे दिली. वडिलांची सही ओळखली, स्वतःचीही ओळखली. मग उलटतपासात प्रश्न आला, “दुसऱ्या साक्षीदाराने सही केली, तेव्हा आपण तेथे होतात?”

काका गप्प झाले. पडद्यावर काहीच हलेना. जोडणी तुटली की माणूस थांबला, हे कोणालाच कळेना. न्यायाधीशांनी विचारले, “ऐकू येते का?” तेव्हा काकांनी हळूच चष्मा काढला आणि डोळे पुसले. ती शांतता यंत्राची नव्हती, एका प्रामाणिक माणसाची होती. उत्तर मात्र मराठीत आले, “आठवत नाही. आठवत नाही ते मी सांगणार नाही.” गुजरातीत सांगण्याची सूचना होताच ते म्हणाले, “मने याद नथी.” तेवढेच टंकलिखित झाले.

माझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मी बहिणीकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते, आणि त्यांत जिंकल्याचा आनंद दिसेना. लवकरच आम्ही तडजोड केली आणि घर दोघांच्या नावावर झाले.

फौजदारी कामातही १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने इलेक्ट्रॉनिक साधनांना वाट मोकळी करून दिली आहे. ते योग्यच आहे. वृद्धांची, आजाऱ्यांची, दूरदेशी गेलेल्या लेकरांची त्यात सोय आहे. परंतु काका खरे बोलले ते यंत्रामुळे नव्हे. यंत्राने त्यांचे मौन आमच्यापर्यंत आणून पोचवले, एवढेच त्याचे काम. आणि ते त्याने चोख केले.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून झाली नाही. जबानी संपताच पडदा काळा झाला आणि निरोप घ्यायचा राहून गेला. पुढच्याच रविवारी मी भुसावळकडची गाडी पकडली. बहीणही बरोबर होती. काका ओट्यावर वाट पाहत बसले होते. आम्ही दोघे एकदमच त्यांच्या पायांशी वाकलो.